नेटवर्कचे थर: पाठांतर सोडा, लॅपटॉपवर एकेक थर तपासत वर चढा

'प्लीज डू नॉट थ्रो सॉसेज पिझ्झा अवे' हे वाक्य ज्यांनी कधीतरी घोकलंय, त्यांना नेटवर्कचं काम टप्प्याटप्प्यांत वाटून दाखवणाऱ्या ओएसआय मॉडेलचे सात थर झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन. पण त्याच माणसाला विचारा की वायफायचं चिन्ह पूर्ण भरलेलं दिसतंय, तरी वेबसाइट का उघडत नाही. उत्तर ठरलेलं: राउटर बंद करून चालू कर.

थरांचा खरा उपयोग प्रश्न कुठल्या क्रमाने विचारायचे हे ठरवण्यात आहे. प्रत्येक थराला तीन गोष्टी विचारायच्या. तू कुठला पत्ता ओळखतोस? तू कशाची हमी देतोस? आणि तू नीट चालू आहेस हे मी कसं तपासू? या तीन प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या लॅपटॉपवर एकदा डोळ्यांनी बघितली, की सात नावं वेगळी घोकावी लागत नाहीत.

त्यासाठी घरातला लॅपटॉप, राउटर, जमली तर एक लॅन केबल आणि जाळ्यातली ये-जा दाखवणारं वायरशार्क नावाचं मोफत सॉफ्टवेअर एवढं पुरतं. खाली कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि आकडे वापरा.

सात की चार?

हा वाद लवकर उरकू. ओएसआय मॉडेल आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९८४ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध केलं. पण त्याच्या आधीच, १ जानेवारी १९८३ रोजी, अमेरिकेतल्या अर्पानेटने, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाने, जुना एनसीपी प्रोटोकॉल (यंत्रांनी आपसात बोलायचे नियम) सोडून टीसीपी/आयपी स्वीकारलं होतं. सात थरांचं मॉडेल कागदावर पक्कं होईपर्यंत जाळं दुसऱ्याच पद्धतीने धावायला लागलं होतं. १९८९ च्या आरएफसी ११२२ या दस्तऐवजात इंटरनेटवाल्यांनी आपले चारच थर सांगितले: लिंक, इंटरनेट, ट्रान्सपोर्ट, ॲप्लिकेशन.

थर मुळात पाडायचे कशाला, याचं उत्तर टीसीपीच्याच इतिहासात आहे. टीसीपी रचणाऱ्या विंट सर्फ आणि बॉब कान यांच्या १९७४ च्या लेखात टीसीपी आणि आयपी असे दोन भाग नव्हते. पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, योग्य ठिकाणी पोचवणं आणि हरवलेलं पुन्हा मागवणं, दोन्ही कामं एकाच प्रोटोकॉलकडे होती. पण नेटवर्कवरून आवाज पाठवायचे प्रयोग सुरू झाल्यावर अडचण कळली. बोलण्यातला एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवण्यात अर्थ नसतो. तो येईपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं. म्हणून १९७८ च्या सुमारास दोन्ही कामं वेगळी केली. पोचवण्याचं काम आयपीकडे गेलं, हमी देण्याचं टीसीपीकडे. ज्याला हमी नको त्याच्यासाठी १९८० मध्ये यूडीपी आला. आज तुमचा व्हिडिओ कॉल मधेच खरखरतो पण थांबून राहत नाही, तो या फारकतीमुळे.

मी शिकवताना पाच थर धरतो आणि त्यांना ओएसआयचे नंबर देतो: १, २, ३, ४ आणि मग थेट ७. सेशन आणि प्रेझेंटेशन परीक्षेपुरते लक्षात ठेवा. प्रत्यक्ष इंटरनेटमध्ये ते वेगळे सापडत नाहीत, त्यांची कामं ॲप्लिकेशन आणि मजकूर कुलूपबंद करणारा टीएलएस मिळून करतात. पण नंबर मात्र ओएसआयचेच हवेत, कारण दुकानदारापासून नेटवर्क इंजिनिअरपर्यंत सगळे 'लेयर टू स्विच' आणि 'लेयर सेव्हन फायरवॉल' असंच बोलतात.

थर १: तार, प्रकाश, रेडिओ

इथे पत्ता नसतो. एका टोकाला टाकलेले शून्य-एक दुसऱ्या टोकाला ओळखता येतील, एवढंच याचं काम. त्यामुळे तपासणी डोळ्यांनी होते.

घरी फायबर असेल तर ओएनटी नावाच्या डबीवरचे दिवे बघा. 'पॉन' स्थिर हिरवा असेल तर प्रकाश येतोय. 'लॉस' लाल असेल तर येत नाहीये, आणि मग राउटरमधली कुठलीही सेटिंग बदलून काही होणार नाही. बऱ्याच ओएनटींच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद दिसते. घरगुती फायबरच्या जीपॉन पद्धतीत ती साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान असावी. उणे २९ दिसत असेल तर केबल कुठेतरी वाकली आहे किंवा जोड खराब आहे. तक्रार नोंदवताना तो आकडा सांगा, 'नेट स्लो आहे' म्हणण्यापेक्षा काम लवकर होतं.

आता लॅन केबल. हिच्यात एक मजेदार बिघाड असतो. तुमचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे, पण केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवर स्पीडटेस्ट कायम ९४-९५ दाखवते. वायफायवर कधी २५० येतं, केबलवर मात्र ९४ च्या पुढे आकडा सरकत नाही. हा ९४ कुठून येतो?

केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिट (१००० एमबीपीएस) इथरनेटला, म्हणजे तारेवरच्या नेटवर्कला, चारही लागतात. १०० एमबीपीएसच्या इथरनेटला दोनच पुरतात, केशरी आणि हिरवी. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार क्रिम्पिंग करताना, म्हणजे टोकाला प्लग बसवताना, नीट बसली नाही, तर बहुतेक कार्डं तक्रार न करता १०० वर उतरतात. काही वेळा लिंक लागतच नाही, आणि तेव्हा निदान बिघाड आहे हे तरी लगेच कळतं. आणि १०० चे ९४ का, तर प्रत्येक पूर्ण भरलेल्या इथरनेट फ्रेमला (एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या गठ्ठ्याला) तारेवर १५३८ बाइटची जागा लागते. त्यातले तुमच्या कामाचे १४६०, किंवा टीसीपीने वेळेची नोंद जोडली तर १४४८. भागाकार करून बघा: ९४.९ किंवा ९४.१ टक्के. उरलेले बाइट वेगवेगळ्या थरांच्या हेडरमध्ये (पुढे लावलेल्या पत्त्याच्या चिठ्ठीत) आणि दोन फ्रेमच्या मधल्या मोकळ्या जागेत जातात. ते हेडर आपण पुढे एकेक करून बघणारच आहोत.

तपासायला विंडोजमध्ये इथरनेट ॲडॉप्टरच्या 'स्टेटस' खिडकीत 'स्पीड' बघा. १.० जीबीपीएस हवं. १०० दिसत असेल तर आधी केबल बदला. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या, 'सीसीए' केबल लॅमिंग्टन रोडपासून गावातल्या दुकानापर्यंत सगळीकडे स्वस्तात मिळतात. लांब अंतरासाठी किंवा त्याच तारेतून कॅमेऱ्याला वीज द्यायची असेल तर त्या घेऊ नका.

थर २: शेजाऱ्यापर्यंत

इथे पत्ता येतो: मॅक ॲड्रेस. ४८ बिटांचा, बारा हेक्साडेसिमल अंकांत लिहिलेला, नेटवर्क कार्ड बनवणाऱ्याने दिलेला. फोन मात्र हल्ली प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट मॅक दाखवतात. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून ही सोय सुरुवातीपासूनच चालू असते. राउटरमध्ये मॅक बघून मुलांच्या फोनवर वेळेची मर्यादा लावणाऱ्या पालकांना हे उशिरा कळतं.

हमी किती? फक्त एका उडीची. हा थर फ्रेम तुमच्या कार्डापासून त्याच जाळ्यातल्या शेजारच्या यंत्रापर्यंत नेतो. पुढचं जग त्याला माहीत नसतं.

तपासा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग /ऑल' द्या. 'फिजिकल ॲड्रेस' हा तुमचा मॅक, 'डीफॉल्ट गेटवे' हा राउटरचा आयपी पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. आता 'एआरपी -ए' द्या. लिनक्सवर त्याऐवजी 'आयपी नेबर' चालतं. आयपी आणि मॅक यांच्या जोड्यांची यादी येईल. गेटवेच्या आयपीसमोरचा मॅक कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

ही यादी बनते एआरपीमुळे. लॅपटॉप सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, '१९२.१६८.१.१ कोणाचा आहे?' आणि राउटर आपला मॅक कळवतो. यादीत गेटवे नसेलच, तर बिघाड तुमच्या आणि राउटरच्या मधेच आहे.

वायफायही याच दोन थरांत येतं. बिल्डिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. चाळीस फ्लॅटचे चाळीस राउटर त्या तिघांत दाटीवाटीने बसतात. सिग्नलच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात, पण बोलायला पाळी मिळत नाही. ५ गिगाहर्ट्झवर जा, विषय संपला.

थर ३: गावाबाहेर

आता आयपी. इथला पत्ता जगाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालतो. हमी मात्र काहीच नाही. जमेल तसं पोचवीन, नाही जमलं तर टाकून देईन.

पहिली गोष्ट, तुम्हाला पत्ता मिळालाय का ते बघा. 'आयपीकॉन्फिग'मध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर डीएचसीपीकडून (राउटरमधल्या पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ता आला नाही म्हणून लॅपटॉपने स्वतःच एक घेतला. अशा पत्त्याने बाहेर जाता येत नाही. १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारा पत्ता खासगी असतो, घरात तोच अपेक्षित आहे.

लॅपटॉप प्रत्येक पॅकेटच्या वेळी एकच निर्णय घेतो: समोरचा माझ्याच जाळ्यातला की बाहेरचा? सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तीन आकडे जुळतात का ते बघायचं. जुळले तर थेट, नाहीतर गेटवेकडे.

आणि इथेच दुसऱ्या आणि तिसऱ्या थरातला फरक लख्ख कळतो. चिपळूणहून नांदेडला एसटीने पार्सल पाठवलं, तर पार्सलवरचं नाव-गाव शेवटपर्यंत तेच राहतं, गाडी मात्र वाटेतल्या डेपोत बदलते. आयपी म्हणजे पार्सलवरचा पत्ता, मॅक म्हणजे त्या टप्प्यापुरता गाडीचा नंबर. प्रत्येक राउटर जुनं इथरनेट हेडर काढून फेकतो आणि पुढच्या टप्प्याचं नवं लावतो. (घरचा राउटर नॅट करताना, म्हणजे घरातल्या सगळ्यांना बाहेर एकच पत्ता वापरायला देताना, तुमचा खासगी आयपीसुद्धा बदलतो. पण ती ४२९ कोटी पत्ते अपुरे पडल्यामुळे करावी लागलेली तडजोड आहे, मूळ योजनेत ती नव्हती.)

'पिंग ८.८.८.८' द्या. हा गूगलच्या एका सर्व्हरचा पत्ता आहे. उत्तरात 'टाइम' आणि 'टीटीएल' असे दोन आकडे येतात. टीटीएल प्रत्येक राउटरवर एकने कमी होतो. शून्य झाला की पॅकेट मारलं जातं, म्हणजे चुकून गोल फिरत राहत नाही. पाठवताना तो बहुधा ६४ किंवा १२८ असतो. उत्तरात ११७ दिसलं तर वाटेत ११ राउटर लागले असा अंदाज करा.

'टाइम'चा आकडाही बोलका असतो. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन दर १०० किलोमीटरला एक मिलिसेकंद. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत साधारण ३,९०० किलोमीटर. म्हणजे ३९ मिलिसेकंद लागणारच, आणि केबल वळसे घेत जात असल्याने प्रत्यक्षात जास्तच. गेम खेळताना सिंगापूरच्या सर्व्हरचा पिंग १० वर आणून देतो म्हणणाऱ्या ॲपला पैसे देऊ नका. आणि ८.८.८.८ तुम्हाला पुण्यातून ५ मिलिसेकंदांत उत्तर देत असेल, तर ते अमेरिकेतून येत नाही हे उघड आहे. तोच पत्ता गूगलने जगात अनेक ठिकाणी लावलेला आहे. तुम्हाला जवळचा भेटतो.

पुढे 'ट्रेसर्ट ८.८.८.८', ॲपलच्या मॅकवर आणि लिनक्सवर 'ट्रेसरूट'. ही कमांड मुद्दाम टीटीएल १, मग २, मग ३ असे ठेवून पॅकेट पाठवते आणि कुठला राउटर 'तुझं पॅकेट इथे मेलं' असं कळवतो त्याची यादी करते. यादीत मधेच तारे दिसले की लोक घाबरतात. पुढच्या ओळींत उत्तरं येत असतील तर त्या ताऱ्यांना काही अर्थ नाही. तो राउटर असल्या कळवाकळवीला उत्तर देत नाही एवढंच.

सोसायटीच्या सीसीटीव्हीचा नेहमीचा प्रश्न इथेच सुटतो. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर बाहेरून बघता यावा म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी डीव्हीआरकडे वळवणं) सगळं बरोबर केलंय, तरी फोनवर चित्र येत नाही. राउटरच्या पानावर 'वॅन आयपी', म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तुमची कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतेय. बाहेरून तुमच्यापर्यंत यायला रस्ताच नाही. डीव्हीआर बसवणाऱ्याशी भांडून उपयोग नाही. कंपनीकडे स्टॅटिक आयपी मागा, किंवा क्लाउडमार्गे चालणारी सोय वापरा.

थर ४: कोणत्या प्रोग्रॅमसाठी?

पॅकेट लॅपटॉपपर्यंत आलं. ते ब्राउझरचं, की ईमेलचं, की व्हिडिओ कॉलचं? त्यासाठी पोर्ट नंबर. वेबसाठी ८० आणि ४४३, डीएनएससाठी (नावावरून आयपी शोधणं) ५३, एसएसएचसाठी (दुसऱ्या यंत्रात दुरून शिरणं) २२. तुमच्या बाजूचा पोर्ट मात्र ऑपरेटिंग सिस्टिम दरवेळी नवा उचलते. म्हणूनच एकाच साइटच्या दोन जोडण्या उघडल्या तरी एकीचा मजकूर दुसरीत जात नाही.

'नेटस्टॅट -एएनओ' द्या, लिनक्सवर 'एसएस -टीएन'. प्रत्येक ओळीत चार गोष्टी दिसतील: तुमचा आयपी, तुमचा पोर्ट, समोरचा आयपी, समोरचा पोर्ट. या चौकडीवरूनच जोडणी ओळखली जाते.

टीसीपी सुरुवातीला तीन पॅकेटांची देवाणघेवाण करतो: तुम्ही सिन, समोरून सिन-ॲक, तुम्ही ॲक. मग बाइट मोजून पाठवतो आणि पोच आली नाही तर पुन्हा पाठवतो.

या थरावर एक फरक अंगवळणी पडायलाच हवा. जोडणी होत नाही तेव्हा संदेश दोन प्रकारचे येतात. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आला तर खरं म्हणजे बातमी चांगली आहे: पॅकेट पोचलं, उत्तरही आलं, फक्त त्या पोर्टवर कोणी ऐकत नाहीये. सर्व्हरवरचा प्रोग्रॅम बंद असेल किंवा पोर्टचा आकडा चुकला असेल. 'टाइम्ड आउट' आला तर पलीकडून काहीच आलं नाही. वाटेत फायरवॉलने गुपचूप गिळलं असेल, नाहीतर यंत्रच बंद असेल. पहिल्यासाठी सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन करा, दुसऱ्यासाठी नेटवर्क सांभाळणाऱ्याला. ऑफिसात या दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवण्यात अख्खी दुपार जाते, ती वाचेल.

एखादा पोर्ट उघडा आहे का हे बघायला विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन एक्झाम्पल.कॉम -पोर्ट ४४३', इतरत्र 'एनसी -व्हीझेड एक्झाम्पल.कॉम ४४३'.

थर ७: नाव, कुलूप, मजकूर

वेबसाइट उघडताना या थरावर एकामागून एक तीन कामं होतात. नावाचा आयपी शोधणं, टीएलएसचं कुलूप लावणं, आणि मग पान मागणं.

नावासाठी 'एनएसलुकअप एक्झाम्पल.कॉम'. उत्तर आलं नाही, तर 'एनएसलुकअप एक्झाम्पल.कॉम १.१.१.१' देऊन दुसऱ्या डीएनएस सर्व्हरला विचारा. दुसऱ्याकडून आलं आणि पहिल्याकडून नाही, तर तुमच्या कंपनीचा डीएनएस झोपलाय. राउटरमध्ये पत्ता बदला आणि पुढे चला. 'व्हॉट्सॲप चालतंय पण वेबसाइट उघडत नाहीत' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं, कारण आधीच जोडलेल्या ॲपला नाव पुन्हा विचारावं लागत नाही.

कुलपाची तक्रार आली, 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट', तर आधी लॅपटॉपचं घड्याळ बघा. मदरबोर्डवरची बॅटरी संपलेल्या जुन्या कॉम्प्युटरला तारीख मागच्या दशकातली वाटते आणि त्याच्या लेखी प्रमाणपत्रं अजून सुरूच झालेली नसतात. खालचे सगळे थर धडधाकट असतात, आणि बिघाड असतो वीस-तीस रुपयांच्या सेलमध्ये.

सगळे थर एकाच पॅकेटमध्ये बघा

आता वायरशार्क. आपलं स्वतःचं ट्रॅफिकच पकडायचं. ऑफिस किंवा कॉलेजच्या जाळ्यावर परवानगीशिवाय हे करू नका.

वायरशार्क उघडून ज्या कार्डासमोर रेषा हलताना दिसते ते निवडा. वरच्या फिल्टरच्या चौकटीत 'टीसीपी.पोर्ट == ८०' लिहा. मग टर्मिनलमध्ये 'कर्ल -४ एचटीटीपी://एक्झाम्पल.कॉम' द्या. ब्राउझर मुद्दाम वापरत नाही, कारण तो बऱ्याचदा आपणहून एचटीटीपीएसवर जातो आणि मजकूर कुलूपबंद होतो. आपल्याला तो उघडा हवाय.

यादीत पहिल्या तीन ओळी सिन, सिन-ॲक, ॲक दिसतील. त्यांच्याखाली 'गेट' लिहिलेली ओळ निवडा. खालच्या भागात एकाखाली एक ओळी उघडतील: फ्रेम, इथरनेट टू, इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४, ट्रान्समिशन कंट्रोल प्रोटोकॉल, हायपरटेक्स्ट ट्रान्सफर प्रोटोकॉल. पुस्तकातली उतरंड इथे खऱ्या बाइटांत मांडलेली आहे. (वायफायवर असूनही 'इथरनेट टू' का? कारण बहुतेक ड्रायव्हर वायफायचं हेडर काढून त्या जागी इथरनेटचं लावून देतात.)

इथरनेटची ओळ उघडा. 'डेस्टिनेशन'मध्ये कोणाचा मॅक आहे? मघाशी कागदावर लिहिलेला, तुमच्या राउटरचा. आता आयपीची ओळ उघडा. 'डेस्टिनेशन'मध्ये दूरच्या सर्व्हरचा आयपी. एकाच पॅकेटवर दोन वेगवेगळी ठिकाणं, आणि दोन्ही बरोबर.

यानंतरची गोष्ट मात्र पुस्तकं घाईत उरकतात. प्रत्येक हेडरमध्ये एक छोटा आकडा असतो, 'माझ्या पोटात कोण आहे' हे सांगणारा. इथरनेटमध्ये 'टाइप' बघा: हेक्साडेसिमल ०८००, म्हणजे आत आयपीव्ही४. एआरपी असता तर ०८०६, आयपीव्ही६ असता तर ८६डीडी. आयपीच्या हेडरमध्ये 'प्रोटोकॉल' बघा: ६, म्हणजे टीसीपी. यूडीपीचा १७, पिंगच्या आयसीएमपीचा १. टीसीपीच्या हेडरमध्ये डेस्टिनेशन पोर्ट: ८०, म्हणजे वेब सर्व्हर. पलीकडचं यंत्र हे तीन आकडे वाचत एकेक साल सोलतं आणि आतला भाग बरोबर त्या प्रोग्रॅमच्या हाती देतं. आयपीला आत टीसीपी आहे की यूडीपी याच्याशी देणंघेणं नसतं, इथरनेटला आयपी जुना की नवा याच्याशी नसतं. म्हणून तांब्याच्या तारेच्या जागी फायबर आली तरी ब्राउझर बदलावा लागला नाही.

हेडरची लांबीही बघून घ्या. इथरनेट १४, आयपी २०, टीसीपी २० किंवा ३२. मघाच्या हरवलेल्या सहा टक्क्यांतले बरेचसे यांच्यात सापडतात.

मग फिल्टर 'क्विक' करा आणि क्रोममध्ये यूट्यूब उघडा. टीसीपीऐवजी यूडीपी, पोर्ट ४४३. २०२१ मध्ये मानक झालेला क्विक पोच घेण्याचं काम आणि टीएलएसचं कुलूप, दोन्ही एकत्र करतो. म्हणजे चौथा थर कुठे संपला आणि सहावा कुठे सुरू झाला, हे सांगताच येत नाही. मॉडेलला धर्मग्रंथ मानणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

बिघाड शोधताना मात्र मधून सुरुवात करा

शिकायचं खालून वर, पण दुरुस्ती करताना दरवेळी केबलपासून सुरुवात केली तर वेळ जातो. आधी 'पिंग ८.८.८.८' द्या. उत्तर आलं तर पहिले तीन थर एका फटक्यात मोकळे. वर जा, डीएनएस बघा, मग पोर्ट, मग टीएलएस. उत्तर नाही आलं तर गेटवेला पिंग करा. गेटवे बोलतोय म्हणजे घर ठीक, बिघाड राउटरच्या पुढे आहे: ओएनटीचे दिवे आणि वॅन आयपी बघा. गेटवेही बोलत नसेल तर स्वतःचा आयपी, मग एआरपी, मग केबल. एक सावधगिरी: ऑफिसांत पिंग अडवलेला असतो, तिथे पिंग न येणं हा पुरावा धरू नका, ४४३ पोर्ट तपासा.

या पद्धतीला चकवणारा एक बिघाड आहे. पिंग येतो, नाव सापडतं, पोर्ट उघडा, छोटी पानं झटकन उघडतात, पण काही साइट अर्ध्यात अडकून गोल फिरत राहतात. हे दिसलं की एमटीयूवर, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकारावर, संशय घ्या. इथरनेट एका फ्रेममध्ये १५०० बाइट नेतं. पण युजरनेम-पासवर्ड टाकून जोडणाऱ्या पीपीपीओई लाइनवर आणखी ८ बाइटचं हेडर लागतं, उरतात १४९२. मोठं पॅकेट मावलं नाही तर राउटरने 'लहान करून पाठव' असा आयसीएमपी संदेश परत द्यायचा असतो. वाटेत कोणीतरी सुरक्षेच्या नावाखाली सगळं आयसीएमपी बंद केलेलं असलं, की तो संदेश पोचत नाही. पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हापुन्हा पाठवत बसतो. छोटी पॅकेटं जातात, म्हणून बाकी सगळं ठीक वाटतं.

खात्री करायला विंडोजवर 'पिंग -एफ -एल १४७२ ८.८.८.८' द्या, लिनक्सवर 'पिंग -एम डू -एस १४७२ ८.८.८.८' (एम कॅपिटल, एस लहान). १४७२ मध्ये आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० मिळवले की १५०० होतात. हे अडलं आणि १४६४ गेलं, तर निदान पक्कं. राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये एमटीयू १४९२ करा. 'एमएसएस क्लॅम्पिंग' असा पर्याय असेल तर तोही चालू करा, म्हणजे टीसीपी सुरुवातीलाच १४५२ बाइटचे तुकडे ठरवेल. बदल केल्यावर राउटर पुन्हा जोडू द्या आणि मघाशी अडकलेलीच साइट उघडून बघा.